होडीत बसून बघणारा नाथा

चिंचखारच्या नाथानं आयुष्यात कुठलीही वस्तू एका फेरीत विकत घेतली नव्हती. पेणच्या बाजारात त्याची ही ख्याती होती. छत्री घ्यायला गेला तर उघडून बघायचा, मिटून बघायचा, दुसऱ्या दुकानात जायचा, पहिल्यात परत यायचा आणि शेवटी "बायकोला इचारून येतो" म्हणत भिजत घरी जायचा. बायकोला, म्हणजे ठमाबाईला, तो काही विचारत नसे. एका पावसाळ्यात ती स्वतः बरोबर गेली, दुकानदाराला म्हणाली, "पयली दाखवली तीच द्या, दुसरी काडूच नका," तेव्हा कुठे घरात छत्री आली.

गंमत अशी की हाच माणूस मिठागरात उतरला की वेगळाच होई. खाडीचं पाणी आत कधी घ्यायचं, कोणत्या खणात किती थांबवायचं, मीठ आज ओढायचं की उद्या, हे तो नुसता पायाचा अंगठा पाण्यात फिरवून सांगे आणि कुणाचा सल्ला घेत नसे. नाथाला पाण्याचं कळतं, दुकानाचं कळत नाही, असं गावानं ठरवून टाकलं होतं. त्यामुळे पाण्यातली वस्तू विकत घ्यायची वेळ त्याच्यावर आली, तेव्हा सगळं गाव मजा बघायला बसलं.

ती वेळ शहाण्णव साली आली. नाथाची होडी म्हातारी झालीच होती. वैशाखाच्या उधाणात ती बांधाच्या दगडांवर आपटली आणि तळाच्या फळ्या निखळल्या. नाथानं तिला ओढून बांधावर पालथी घातली, चार दिवस तिच्याभोवती घुटमळला, आणि पाचव्या दिवशी ठमाबाईनं तिच्या फळ्या चुलीला लावल्या.

एरवी होडीवाचून त्याचं अडलं नसतं. मुलगा विशाल डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर लागला होता, घरात पगार येत होता. पण लेक सरू खाडीपल्याड वडबंदरला दिलेली होती. होडीनं जायचं तर इकडे भात चुलीवर ठेवावा आणि तो शिजेपर्यंत पलीकडे पोचावं. रस्त्यानं जायचं तर बांधावरून यष्टीच्या थांब्यापर्यंत पायपीट, तिथून पेण, पेणहून दुसरी यष्टी, पुन्हा बांधावरून पायपीट. सगळा दिवस जायचा आणि कंबरेचा पार भुगा व्हायचा. अशात सरूला दिवस गेल्याचं कळलं. गौरीच्या सणाला तिला माहेरी आणायची आणि बाळंतपण करूनच परत पाठवायची, असं दोन्ही घरांनी ठरवलं. हे ठरवायला नाथा यष्टीनं गेला होता. निघताना सरू बांधापर्यंत त्याच्याबरोबर आली.

"बाबा, मी यष्टीनं नाय येनार," ती म्हणाली. "त्या खड्ड्यांतून पोटातला पोर हलवून नाय आननार. तू होरी घेऊन ये."

"व्हय," नाथा म्हणाला, आणि अडकला. ह्या काठाला होडीला होरीच म्हणतात, आणि होरी घेऊन येणं म्हणजे आधी ती विकत घेणं.

कुणाची तरी मागून आणायची वाट होती, पण ती ठमाबाईनं बंद केली. पहिल्या बाळंतपणाची लेक मागून आणलेल्या होडीतून आली तर विहीण गिरजाबाई जन्मभर ते बोलून दाखवील, असं तिचं म्हणणं होतं, आणि गिरजाबाईला ओळखणारा कुणीही ते खोडून काढू शकला नसता.

मग प्रश्न उरला तो नवी की जुनी. विशालचं मत नवीच्या बाजूनं होतं. कंपनीत रोज नवी मशिनं बघून त्याला जुन्या वस्तूंची कीव येऊ लागली होती. पेणला गोविंदा सुतार होड्या बनवायचा. त्याच्याकडे सांगितली की काम झालं, असं तो म्हणे. नाथा गोविंदाकडे गेला, लाकूड बघितलं, टिचकी मारून बघितलं, वास घेतला. लाकडात खोट नव्हती. तरी तो घरी येऊन म्हणाला, "होरी झकास व्हईल. पन बसून कशी बगनार?"

ह्या बसून बघण्यामागे त्याच्या बापाची शिकवण होती. होडी घ्यायची तर ओहोटीला ती चिखलात टेकलेली असताना तिच्यात जाऊन बसायचं, आणि भरतीचं पाणी तिला उचलीपर्यंत उठायचं नाही. ती कुठून पाझरते, कुठे कुरकुरते, उचलताना कुठल्या अंगावर झुकते, हे सगळं त्या एका भरतीत कळतं. होडी बांधूनही ठेवायची नाही, कारण दोरीला धरलेली होडी आपले गुण दाखवत नाही. बापानं अशीच होडी घेतली होती आणि ती नाथापर्यंत टिकली होती. नवी होडी मात्र पैसे दिल्याशिवाय जन्मालाच येत नाही, मग तिच्यात आधी बसायचं कसं? हा प्रश्न नाथानं गोविंदाला विचारला. गोविंदानं रंधा खाली ठेवला, त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा रंधा उचलला.

म्हणून नाथा जुन्या होड्यांत बसू लागला. ज्येष्ठात बसला, आषाढात उघडीप बघून बसला, श्रावणात तर खाडीकाठच्या पोरांना तो कुठल्या गावी बसलाय हे आधी कळे आणि ठमाबाईला मागून. एक होडी त्याला डावीकडे कलते असं वाटलं. मालक म्हणाला, अरे तू डावीकडे बसलायस. दुसरी सगळ्या बाजूंनी चांगली निघाली, पण तिचा मालक ती विकायला फारच उतावीळ होता, म्हणजे काहीतरी गोम असणार. तिसरीचा मालक उतावीळ नव्हता. त्याचाही नाथाला संशय आला. प्रत्येक होडीतून उठला की तो चिखलाच्या पायांनी गोविंदाकडे जायचा आणि लाकूड पुन्हा एकदा दाखव म्हणायचा.

श्रावण संपत आला तसा गोविंदाचा धीर सुटला. पेणचे गणपती गावोगाव निघाले होते, त्यांच्या पाटांची कामं त्याच्या अंगणात थप्पीनं पडली होती. तो म्हणाला, "नाथा, दोन दिवसांत काय ते सांग. पाट बाजूला ठेवून गौरीच्या आत तुझी होडी देतो. त्यापुढे आलास तर थेट दिवाळीला ये."

त्या रात्री ठमाबाईनं ताट वाढलं आणि ती समोरच बसून राहिली. "अवो, पोरीनं काय मागलान? लुगरा मागलान का सोना मागलान? होरी मागलान," ती म्हणाली. "आनि तुमी सगल्या खारीत बसत सुटलाव." नाथा खाली मान घालून जेवला. त्याला बोलणं लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी विशालनं शिफ्टवरून आल्या आल्या बातमी दिली. त्याच्याबरोबर काम करणारा एक रोह्याचा होता. त्याच्या शेजारी माधवराव नावाचे निवृत्त मास्तर राहत. त्यांनी हौसेनं सागाची होडी बनवून घेतली होती, नदीत गळ टाकून बसायला. दोन पावसाळेसुद्धा वापरली नव्हती. आता ती विकायची होती. "जुनी हाय म्हनून तुला चालंल, नव्यासारकी हाय म्हनून मना चालंल," विशाल म्हणाला. ठमाबाईनं नवऱ्याला एकट्याला सोडलं नाही. सकाळी पेणहून रोह्याची गाडी धरून दोघं गेली.

माधवरावांचं घर रोह्याच्या वरच्या अंगाला, कुंडलिकेच्या अगदी काठावर होतं. माणूस उंच, हसतमुख आणि बोलका. त्यांची बायको आनंदीबाईही बोलकी होती, पण होडीचा विषय निघाला की तिचं तोंड आंबट व्हायचं. माधवराव एकदा गळाला मासा लागला म्हणून होडीत उभे राहिले होते आणि माशासकट पाण्यात गेले होते. तेव्हापासून होडीची वल्ही तिनं कोठीत घालून कुलूप लावलं होतं. "माझी सवत आहे ती," ती ठमाबाईला म्हणाली. "घेऊन जा एकदाची." ठमाबाईला ती फार आवडली. दोघी आत चहाला गेल्या.

नाथानं काठावर जाऊन होडी बघितली. बेताची, दोघातिघांची, हलकी. अर्धी चिखलात, अर्धी पाण्यात टेकलेली. त्यानं मनाशी तिथीचा हिशेब केला, दुपारपर्यंत ओहोटी आणि मग भरती. मग दोरी सोडून घेतली, आत जाऊन मांडी घातली आणि माधवरावांना सांगितलं, "दुपारपरत पानी उतरंल. मंग चडायला लागंल. तवर मी हितंच बसतंय."

माधवरावांनी नदीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग पाहुण्याला एकटं कसं बसवायचं म्हणून छत्री घेऊन तेही होडीत येऊन बसले. दोन वर्षांनी ते तिच्यात बसत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर शाळा चुकवलेल्या पोराचा आनंद होता.

गप्पा निघाल्या. मास्तरांनी सहज विचारलं, "नाथाभाऊ, एवढ्या होड्या बघितल्यात म्हणता. एकही पसंत पडली नाही?"

नाथा तळाच्या फळीवर हात फिरवत होता. हे त्यानं घरी कुणाला सांगितलं नव्हतं, पण परक्या माणसाला सांगता आलं. "माजेसाठी असती ना मास्तर, तर फलकुटावर बसून खारी वलांडली असती," तो म्हणाला. "पोर दोन जिवांची हाय. भर खारीत फली उसवली तर? मीच घेतली आसंल ना ती होरी. कुनाला नाव ठेवू? म्हनून बगतंय. बगलं की भ्याव वाटतं, भ्याव वाटलं की परत बगतंय."

माधवरावांनी छत्री थोडी नाथाच्या बाजूला कलती केली. मग हलकेच म्हणाले, "मला मुलगी असती तर मीही असंच केलं असतं." दोघंही थोडा वेळ नदीकडे बघत राहिले, आणि नदीकडे बघत असूनही ती चढते आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

होडी हलली तेव्हा नाथाला वाटलं, मास्तर सरकून बसले. मास्तरांना वाटलं, नाथा सरकला. मग माधवरावांच्या घरामागचं फणसाचं झाड हळूहळू पाठीमागे जाऊ लागलं, तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. होडी मोकळी होऊन प्रवाहाला लागली होती. नाथानं वल्ह्यासाठी हात मागे टाकला. वल्ही कोठीत कुलपात होती.

"पन आता ओहोटी हाय," नाथा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा पाण्यानं त्याचा शब्द मोडला होता.

"इथवर खाडी पोचतच नाही हो," माधवराव म्हणाले. "हे वरच्या वीजघराचं पाणी. ते सोडतात आणि साधारण ह्याच वेळेला इथं येतं. रोजचं आहे."

"मंग मगाशी सांगितलंव का नाय?"

"तुम्ही खाडीवाले पडलात," माधवराव ओशाळून म्हणाले. "इतक्या ठामपणे म्हणालात, पाणी उतरणार. मला वाटलं, आज उतरत असेल."

नाथा क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग त्याला जे हसू फुटलं ते आवरेना. मास्तरही हसू लागले. तसे ते दोघं, बिनवल्ह्याच्या होडीत, रोह्याच्या धुण्याच्या घाटासमोरून गेले. बायकांनी धुणं थांबवलं. एकीनं विचारलं, "मास्तर, कुठं निघालात?" माधवरावांनी तिला हात केला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

पुढे नदीला वळण होतं आणि वळणावर खडक. तिथं पाणी खळाळत होतं. नाथाचं हसू थांबलं. त्यानं मास्तरांची छत्री मिटून पाण्यात घातली, पाठीमागे गुडघ्यांवर बसला आणि छत्रीनं होडीचं तोंड वळवायला लागला. होडीनं ऐकलं. एकदा ती खडकाला घासली, दणदिशी आवाज झाला, मास्तरांनी डोळे मिटले. नाथानं मिटले नाहीत. तो तळाकडे बघत होता. होडी खडकावरून सरळ उतरली आणि पुढच्या रेतीवर जाऊन हलकेच टेकली.

नाथानं तळाला तळहात लावला. पुढच्या टोकापर्यंत सरपटत जाऊन लावला, सांध्यांत बोट घातलं. सगळं कोरडं होतं. छत्रीच्या मात्र काड्या मोडून गेल्या होत्या.

काठाकाठानं ठमाबाई आणि आनंदीबाई लुगडी आवरत धापा टाकत आल्या. आनंदीबाईच्या तोंडून शब्द फुटण्याआधी नाथा होडीतून उतरला आणि म्हणाला, "घेतली."

ठमाबाईला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. तिनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. "परत बसनार नाय?" तिनं विचारलं. "नाय," नाथा म्हणाला. "गोविंदाला काय सांगनार?" "पाट करत बस म्हनंन."

सौदा तिथेच रेतीवर झाला. आनंदीबाईनं नवऱ्याला जे बोलायचं ते घरी जाऊन बोलायचं ठरवलं असावं, कारण तेव्हा ती काहीच बोलली नाही. होडी वर आणल्यावर तिनं कोठीतून वल्ही काढून दिली, होडीच्या नाकाला हळद-कुंकू लावलं आणि आत नारळ ठेवला. सवत झाली तरी घरातून रिकामी पाठवायची नसते, असं ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले. ठमाबाईनं नंतर सगळ्या गावाला सांगितलं की बाई सोन्यासारखी आहे.

होडी पेणला कशी न्यायची हा प्रश्न गणपतीनंच सोडवला. पेणच्या एका कारखान्यातून मूर्ती पोचवायला आलेला टेम्पो रिकामा परत चालला होता. निलेश नावाचा त्याचा ड्रायव्हर पेणचाच होता. त्यानं होडी मागे आडवी घालून घेतली आणि पावसाचा भरवसा नाही म्हणून मूर्तीवरचं मोठं कापड तिच्यावर टाकलं. नाथा मागे होडीला धरून बसला. नागोठण्यापासून गंमत सुरू झाली. टेम्पोच्या पुढच्या काचेवर मोरयाचा कागद तसाच होता, मागे कापडाखाली काहीतरी मोठं होतं, मग रस्त्याकडेची माणसं हात जोडायला लागली. एका फाट्यावर पोरांनी टेम्पो थांबवून मोरया म्हटलं आणि एका म्हातारीनं कापडावर जास्वंद ठेवलं. नाथानं सांगायचा प्रयत्न केला, "आजे, होरी हाय." म्हातारी म्हणाली, "असू दे बाबा, त्याला काय कशातून बी यायला जमतं." निलेश पुढून ओरडला की आता कुणाला काही सांगू नका, नाहीतर पेण यायचं नाही.

गौरी आणायच्या आदल्या दिवशी नाथा भरतीबरोबर निघाला. ही भरती अगदी तिच्या वेळेला आली होती. होडी हलकी होती, वल्ह्याला मऊ होती, आणि खाडी ओलांडताना नाथा मनात उत्तराची जुळवाजुळव करत होता. नवी का नाही घेतली, हे गिरजाबाई विचारणार. साग आहे, रोह्याच्या मास्तरांची आहे, खडकावर आपटून बघितली आहे, जुनी असली तरी नव्याला लाजवील, असं एकेक त्यानं तोंडपाठ करून ठेवलं. सरूनंही विचारलं असतं. तिला तर त्यानं सगळं पहिल्यापासून सांगायचं ठरवलं होतं, म्हणजे तिला बसताना धास्ती वाटू नये.

वडबंदरच्या बांधाखाली होडी टेकली. गिरजाबाई सुनेचं गाठोडं घेऊन पुढे आली, होडीभोवती फिरली, हातानं कड ठोकली. "नवी नाय घेतलाव, व्याही?" तिनं विचारलंच.

नाथानं घसा साफ केला. पण तेवढ्यात सरू बांधावरून उतरली. सातव्या महिन्यानं तिची चाल जड झाली होती. ती चिखलात पाय रोवत सरळ पाण्यापाशी आली, नाथाच्या खांद्यावर हात टेकला आणि एक पाय उचलून होडीत ठेवला, मग दुसरा. तळाकडे बघितलं नाही, कड चाचपली नाही, होडी केवढी, कसली, कुणाची, काही नाही. घरात शिरावं तशी आत गेली आणि मधल्या फळीवर बसली. नवी की जुनी हे तिनं विचारलंच नाही.

"बाबा, वालला किती रं तू," ती म्हणाली. "आई जेवाय घालत नाय काय?"

नाथानं तोंडपाठ केलेलं सगळं तोंडातच राहिलं. ज्येष्ठापासून आपण सगळ्या खाडीच्या होड्या तपासत सुटलो, आणि पोरीनं तपासायला काही ठेवलंच नव्हतं. बाप न्यायला आला होता, म्हणजे होडी चांगलीच असणार. हे त्याच्या ध्यानात आलं आणि भरल्या पाण्यात, विहिणीच्या देखत, त्याला रडू फुटलं.

"अगो, काय झालं यास?" गिरजाबाई म्हणाली.

"काय नाय. खारं वारं लागलं," नाथा म्हणाला, आणि त्यानं वल्हं मारलं. सरू त्याच्याकडे तोंड करून बसली होती, पोटावर दोन्ही हात ठेवून, पाण्याकडे पाठ करून.